हात चुकला नव्हता

तातू मेस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या कणकवलीच्या हत्यारांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी भाव करत होतो. तसाच शटर ओढून मालवण गाठलं. होड्या बांधण्यात या किनाऱ्यावर ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, त्याच्याच घरापुढच्या खळ्यात कुणीतरी म्हणालं, "मेस्त्री बरो होतो, पण मशीन काय तेका जमूक नाय." मयताच्या दारात भांडू नये म्हणून गप्प राहिलो. आता महिना झाला... आता बोलतो.

तातूला ती मशीन, म्हणजे लोखंड घासायचा हातातला ग्राइंडर, मीच विकला होता. नवीन मॉडेल, सडपातळ, काळाभोर. बटणसुद्धा अंगात बसवलेलं. पुढे सरकवलं की अडकून राहायचं आणि चालू की बंद ते बघून कळायचं नाही. तातूनं तेलकट हातात फिरवून बघितला.

"शेट, बघूक बरो आसा, धरूक नाय. आणि बटण खंय?"

मी चिडलो. "सगळे ह्योच नेतत, तातू. घे गप." वर दोन चकत्या फुकट देऊन त्याचं तोंड बंद केलं.

होडीच्या पंख्याचा गंज काढताना लाइट गेली. तातूनं ग्राइंडर फळीवर ठेवला, बटण मागे घ्यायचं राहिलं. राहणारच, कारागिराचं लक्ष कामात असतं. आमच्याकडे लाइट जाते तशीच न सांगता येते. ती आली, मशीन उसळली आणि डावा अंगठा गेला.

कंपनीच्या माणसानं कागदावर 'वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिहून विक्रेता म्हणून माझी सही मागितली. बटण वर, दिसेल असं का नाही, मी विचारलं. म्हणाला, "सर, त्यानं डिझाइन बिघडतं." मी कागद फाडला. एजन्सी गेली. तो राग अजून उतरलेला नाही आणि उतरवायचाही नाही.

तातू मात्र जखम भरल्यावर कामाला लागला. ते बटण काढून त्यानं उंडीच्या लाकडाची पट्टी बसवली. दाबून धरली तर मशीन चालणार, हात सुटला की बंद. मुठीला जाळ्याची दोरी गुंडाळली. दुसऱ्या कंपनीच्या साहेबाला मी तो ग्राइंडर दाखवायला मुद्दाम तातूकडे नेलं. साहेब हसला. "काका, याचा लूक गेला."

"लूक माझ्या आंगठ्याबरोबर गेलो," तातू शांतपणे म्हणाला.

त्यानंतर शेवटच्या आजारापर्यंत त्यानं त्याच मशीनवर होड्या बांधल्या.

परवा बांद्याचा एक सुतार दुकानात आला. ग्राइंडर निवडून म्हणाला, "हेका तातूपट्टी लावून देवा."

"तातू कोण, ठावक आसा?"

"नाय. आमच्याकडे सगळे तसाच म्हणतत."

मग तो किमतीवर हुज्जत घालू लागला. घालू दे. मी पट्टी बसवायला घेतली. ज्याला ती नको, त्याला या दुकानात ग्राइंडर मिळत नाही.