बोटीचं नाक
पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलचा वास आला की मला धरणावरची ती जुनी बोट आठवते. मी तिचा मेकॅनिक होतो. वेग दिला की तिचं नाक आभाळाकडे जायचं, मागची बाजू पाण्यात बसायची आणि इंजिन नुसतं धूर ओकायचं. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत सुधारली नाही तर बंद करू. मग पलीकडच्या पाड्यावरचं आजारी माणूस झोळीत घालून डोंगराला वळसा मारत आणावं लागलं असतं. मोठं इंजिन मिळणार नव्हतं आणि मी हटणार नव्हतो. कॅन्टीनच्या मोडक्या टेबलाचा स्टीलचा पत्रा कापला, शहापुरातून बिजागऱ्या वेल्ड करून आणल्या आणि मागे दोन ट्रिम टॅब बसवले, म्हणजे पाणी दाबून मागची बाजू उचलणाऱ्या पट्ट्या. जोशात त्या पार खाली वाकवल्या, तर बोटीने नाकच पाण्यात खुपसलं. सोबत पाड्यावरचा एक म्हातारा शेतकरी होता. तो तोंड पुसत म्हणाला, "लावणीच्या आधी चिखलावर फळी फिरवतो ना रे, पुढं लय भार दिला का तीबी अशीच घुसते. जरा सोड." मी विचारलं, "किती सोडू?" "मला काय ठावं? बूट काढून उभा र्‍हा, पायाला कळंल." मी बूट काढले. पट्ट्या थोड्या थोड्या वर घेत गेलो, आणि तिसऱ्या फेरीला तळव्याखालची थरथर एकदम थांबली. त्याच इंजिनावर बोट सपाट धावत होती, धूर मागे राहिला होता. आता माझ्या वर्कशॉपात सगळे आकडे स्क्रीनवर येतात. मी ते बघतो, मग बूट काढतो.