गदा नको असलेला पुरोहित

चष्मेवाले काका म्हणजे अगदी नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी प्रार्थना, मग चष्म्याचं दुकान, संध्याकाळी परत प्रार्थना. दुकानात मुंगी दिसली तर तिला कागदावर घेऊन बाहेर सोडून येणार. असा माणूस बासष्टाव्या वर्षी राक्षस मारायच्या खेळात जाऊन बसला म्हटल्यावर शेजारचा न्हावी गिऱ्हाईक तसंच ठेवून हसत सुटला. हसू दे बापडा. त्याला कारण कुठे माहीत होतं?

कारण होतं लेक. ती दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहायची, लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सोडवायचं काम करायची. आई जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून ती बापाशी कामापुरतं बोलायची. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं ‘जेवलात का, गोळी घेतली का’. बायकोचा शेवटचा दिवस काकांनी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, प्रार्थनेच्या खोलीत काढला होता. वर वॉर्डात लेक एकटी होती. लोक म्हणाले, केवढा श्रद्धाळू माणूस! लेक काहीच म्हणाली नाही, आणि काकांना तेच खात होतं.

दर रविवारी दुपारी तिच्या खोलीवर हा खेळ जमायचा. लेक गोष्ट सांगणार, बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते ठरवणार, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. खेळणाऱ्यांतला एक जण बदली होऊन गेला. राहिले दोघं, एक प्लंबर आणि एक शिंपीणबाई. काकांनी धीर करून विचारलं, “मी येऊ का?”

लेकीने एक कोरा कागद पुढे ओढला. “या. पण आधी क्लास निवडावा लागेल.”

क्लास म्हणजे पात्राचा पेशा. प्लंबर योद्धा होता, शिंपीणबाई तिरंदाज. काका म्हणाले, “मला आपला देवाधर्मातला, शांत माणूस द्या. मारामारी नको.” झालं! इथेच घोडं अडलं.

पहिल्या रविवारी प्लंबरने धर्मयोद्धा सुचवला. काका म्हणाले, “शपथ छान आहे. तलवार तेवढी काढून टाका.” मग संन्यासी काढला, तो रिकाम्या हाताने लढतो. “रिकामा हात कसला, बुक्की मारणारच ना तो?” दुसरा रविवार वनवैद्याने खाल्ला. झाडपाला, जडीबुटी, सगळं पसंत पडलं; पण तो वेळ पडली की अस्वल होतो. “अस्वल झाल्यावर त्याच्या मनात दया राहते का?” काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं. शिंपीणबाईंनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या रविवारी पुरोहितावर गाडी आली आणि त्याच्या गदेपाशी अडकली. तीन रविवार नुसता काथ्याकूट, राक्षस एकही मेला नाही.

चौथ्या रविवारी प्लंबर वैतागला. “काका, माझा मेव्हणा एका पायावर तयार आहे. आज काय ते ठरवा, नाहीतर पुढच्या खेपेपासून तो बसेल.”

काकांनी मनात हिशेब केला. ही खुर्ची गेली की रविवारही गेला, मग लेकीकडे यायला निमित्त काय? ते भिंतीपाशी खुर्चीत अंग चोरून बसले होते.

लेकीने एकेका पेशाचे कागद गोळा केले. तिचं लहानपण दुकानात गेलेलं. डोळे तपासताना बाबा गिऱ्हाइकापुढे एकेक काच धरून ‘पहिली की दुसरी?’ कसं विचारतात, ते तिने हजार वेळा पाहिलेलं. तिने दोन कागद त्यांच्यासमोर धरले.

“विचार करायचा नाही. पहिला की दुसरा?”

“पहिला.”

“आता?”

“दुसरा.”

बघता बघता धर्मयोद्धा गेला, संन्यासी गेला, अस्वलही गेलं. शेवटी दोन पुरोहित उरले. गदा दोघांच्याही कमरेला, पण वापरायची सक्ती नाही, असं लेकीने सांगून टाकलं. पहिला साठ पावलांवरून आशीर्वाद देऊन जखमा भरतो, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. दुसऱ्याला जखमी माणसाजवळ जाऊन अंगावर हात ठेवावा लागतो; लढाई चालू असली तरी आत शिरायचं.

“पहिला घ्या,” प्लंबर म्हणाला. “मागे उभं राहायचं, प्रार्थना करायची. तुमच्यासाठीच बनवलाय!”

“दुसरा,” काका म्हणाले.

“परत बघा,” लेक म्हणाली आणि तिने कागदांची अदलाबदल केली.

“तोच. हात ठेवणारा.”

“अहो, पहिल्याच लढाईत मराल,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“मरू दे.” काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “लांबून प्रार्थना करून पाहिली आहे मी. मला भीती वाटत होती, म्हणून खाली बसलो होतो. वर यायला हवं होतं.”

प्लंबर आणि शिंपीणबाई फाशांकडे बघत बसले. लेकीचे डोळे भरून आले, तिने ते मनगटाने पुसले.

“त्या दिवशी आई विचारत होती, तुम्ही कुठे आहात म्हणून,” ती म्हणाली. “दोनदा विचारलं तिने.”

“चुकलं माझं, पोरी.”

कागदावर तिने पुरोहिताचं बळ लिहिलं, वय लिहिलं, तब्येतीचे आकडे लिहिले; फारच कमी होते ते. मग टेबलावरचे कप बाजूला सारून आपल्या शेजारी जागा केली.

“खुर्ची इकडे घ्या, बाबा,” ती म्हणाली. “तिथून तुमचा हात पोचणार नाही.”