बाईंचं म्हातारचक्र

आमच्या बाई चढाला कधी चढ म्हणाल्या नाहीत. "तो उतारच आहे गं, आपण चुकीच्या बाजूनं आलोय," असं म्हणून पेडल मारत राहायच्या. लोणावळ्याला आमच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी गावाला त्या 'सायकलवाल्या बाई'च राहिल्या, आणि मी चाळिशी गाठली तरी त्यांच्या मागून धापा टाकत जाणारी विद्यार्थिनीच राहिले.

त्यांची सायकल निळी, लोखंडी, वाकड्या हँडलची. कॉलेजात असताना शर्यतींसाठी घेतलेली. ती दारात नाही, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी उभी असायची. आल्यागेल्याला चहा नंतर, आधी सायकल बघावी लागे. वर्षातून एकदा तिचं 'ओव्हरऑइलिंग' व्हायचं. बाई, तो शब्द ओव्हरहॉलिंग आहे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "मग तेल काय इंग्रज येऊन घालणार आहे?" त्या म्हणाल्या. पुन्हा मी त्या भानगडीत पडले नाही.

सायकल डांबरी रस्त्याची, पण बाईंना ती राजमाचीच्या दगडमातीच्या वाटेवर न्यायची होती. त्याला कारण सुगंधा. राजमाचीच्या वाडीतली ही मुलगी लोणावळ्याला वसतिगृहात राहून शिकली. शाळा सोडताना बाईंना म्हणाली होती, "बाई, आमच्या घरी शाळंतलं कुनी कदी आलं न्हाई. तुमी तरी या." सायकलवर येईन, असा बाईंनी शब्द दिला. पुढे बाईंच्या आईचं आजारपण निघालं, सुगंधाचं वाडीतच लग्न झालं, पोरं झाली, आणि जाणं राहून गेलं. जीपनं जाऊन येऊ, असं मी म्हटलं की बाई उखडायच्या. "जीपनं गेलं की पाहुणी. घाम गाळत गेलं की घरची."

गेल्या वर्षी गणपती उठले आणि तयारी सुरू झाली. अंगणात सायकल उलटी करून बाई डुलणाऱ्या चाकांचा आऊट काढत बसल्या. छर्रे नवे घातले, ब्रेकचे गुटके बदलले. टायर जाड हवे होते, पण जुन्या फ्रेममध्ये जाड टायर मावतोय कुठे? प्रत्येक टायर चढवून बाई फटीत करंगळी घालून बघायच्या. "करंगळी अडकली की खडाही अडकणार." शेवटी एक जोडी जमली. मी पंप मारायला लागले तर ओरडल्या, "बास! खडीवर टायरमध्ये हवा कमी, आणि डोक्यात त्याहून कमी."

वाजलं ते एकाच गोष्टीवरून. मागचं दात्यांचं चक्र मोठं बसवलं की चढ हलका जातो. मी म्हणत होते, बसवूया. बाईंनी त्याला नावच ठेवलं, म्हातारचक्र. "मी मेले तरी ते लावणार नाही." जुनंच चक्र राहिलं. दिवाळीनंतरचा रविवार ठरला आणि सुगंधाला फोन गेला. "निगालात की फोन करा," ती म्हणाली, "मी वढ्यापत्तूर म्होरं येते."

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी बाईंचा फोन आला. "अगं, ते म्हातारचक्र कुठे मिळतं म्हणालीस? घेऊन ये."

कारण विचारायचा धीर झाला नाही. वडगावच्या एका जुन्या दुकानातून चक्र आणलं आणि बसवायला गेले, तर टीव्हीपाशी पुण्याच्या दवाखान्याची पिशवी. "रक्तात बिघाड आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "तू चेन वाढव, आखूड पडेल." मी ग्रीसचे हात घेऊन तिथेच रडायला लागले. त्यांनी फडकं पुढे केलं. "आधी हात पूस. माझ्या घरात येऊन तोंड काळं करू नकोस."

तो रविवार गेला, मग पुढचा. दर वेळी सुगंधाला कळवायचं काम माझ्याकडे. आजाराचं अवाक्षर काढायचं नाही, ही ताकीद होती. "पोरं टाकून पळत येईल ती इथे. मग मी कुणाकडे जाऊ?" म्हणून मी कधी सायकलचं, कधी माझ्या नोकरीचं कारण पुढे करायची. सुगंधा म्हणायची, "असू द्या. आमी काय कुटं पळून चाललोय व्हय?"

एकदा बाईंनी हॉलमध्येच स्वतःला सायकलवर बसवून घेतलं. मी पाठीला हात लावून उभी राहिले. हाताला नुसती हाडं लागत होती. "बसते ना गं मी अजून नीट?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या खरंच नीट बसल्या होत्या.

थंडी सरता सरता एका रविवारी, दिवस उजाडताना, बाई गेल्या.

राजमाचीला रेंज धड नसते. फोन लागला तेव्हा सुगंधाचा आवाज तुटत होता. शेजारीपाजारी हॉलमध्ये जमले होते. मी कोपऱ्यात जाऊन म्हणाले, "सुगंधा, बाई गेल्या गं."

"निगाल्या?" ती आनंदानं ओरडली. आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तिनं नवऱ्याला मारलेली हाक ऐकू आली. "आवो, कोंबडी धरा! बाई निगाल्या!"

मला तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.