चार बोटांना बसेल असा माऊस

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांच्या एका कारखान्यात बिरदेव नक्षी आखायचं काम करायचा. मूळचा सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. सोलापुरात आला तो यंत्रमागावर कामाला, आणि मागानं त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट घेतलं. मालकानं त्याला काढलं नाही, ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसवलं. "बोट गेलं तवा कुटं मला खुर्ची मिळाली," असं तो स्वतःच सांगायचा. ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही, आणि त्याचं ते तोंड बघायला बिरदेवला मजा यायची.

पण हे सगळं ओळखीच्यांत. परक्या माणसापुढं त्याचा हात आपोआप खिशात जायचा.

नऊ वर्षं मधलं बोट वाकडं करून तो माऊसचं डावं बटण दाबत होता. एक दिवस ते बटणच बसलं. "तुमच्या हाताला बसंल तसला आणा," मालक म्हणाले, "फक्त पाचशेच्या आत बघा."

नवी पेठेतल्या दुकानदारानं विचारलं, "कसला पाहिजे?"

"चांगला," बिरदेव म्हणाला. पुढचं सांगायचं तर हात दाखवावा लागला असता.

दुकानदारानं सात बटणांचा, लाल-निळा उजेड पाडणारा माऊस दिला. घरी बायको नागव्वानं तो उलटसुलट करून बघितला. "ह्याला देव्हाऱ्यात ठिवू का?" तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी कामावर अंगठा सारखा बाजूच्या बटणावर पडायचा आणि आखलेली किनार पडद्यावरून नाहीशी व्हायची. तो बदलून साबणाच्या वडीएवढा, बिनवायरचा आणला. तो हातातून निसटून नमुन्याच्या टॉवेलांत शिरला आणि सापडेपर्यंत जेवायची सुट्टी संपली. टॉवेल झटकताना बिरदेवला स्वतःचीच कीव आली. एकेक धागा मोजून नक्षी बसवणारा माणूस, आणि दुकानात धड एक वाक्य बोलवत नाही.

तो माऊसही परत केला आणि शेजारच्या लहान दुकानात गेला. तिथं धनलक्ष्मी नावाची मुलगी कॉम्प्युटर उघडून बसली होती. बिरदेवनं डाव्या हातानं एकेक माऊस उचलून बघितला.

"काका, तुम्ही डावखुरे आहात का?"

"न्हाय."

"मग उजव्या हातात धरून बघा की."

बिरदेवनं उजवा हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला. धनलक्ष्मीनं बघितलं, पण चेहरा पाडला नाही. साधा, वायरचा, जरा रुंद माऊस तिनं त्याच्या पंज्याखाली सरकवला. "मधलं बोट कुठं पडतंय?"

"उजव्या बटणावर."

तिनं तो काउंटरवरच्या चालू कॉम्प्युटरला जोडला आणि सेटिंगमध्ये दोन्ही बटणांच्या कामांची अदलाबदल केली. "आता त्यानंच दाबा."

त्यानं दाबलं. बोट वाकडं न करता फाइल उघडली.

"हे आधीपासनं हुतं व्हय ह्यात?"

"सगळ्याच कॉम्प्युटरमध्ये असतं, काका."

नऊ वर्षं दुखलेलं मनगट चोळत बिरदेव हसू लागला. "म्हंजी बोट मागानं नेलं, आन् अक्कल मीच कुटं तरी ठिवून आलो." या वेळी धनलक्ष्मीही हसली. माऊस तीनशे वीसचा होता. सेटिंगचं किती झालं विचारलं तर तिनं काही नको म्हणून मान हलवली आणि कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर ते कसं करायचं, ते कागदावर लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी बिरदेवनं कागद बघून बटणं बदलली, आणि जरा वेळानं हिशेबनीस गुरु त्याच्या खुर्चीत येऊन बसला. कुठंही दाबलं तरी भलतीच यादी उघडायला लागली. "बिरदेव, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय."

"कॉम्प्युटर बरा हाय," बिरदेव म्हणाला. "तुमालाच एक बोट जास्त हाय."

गुरु उठला. बिरदेव खुर्चीत बसला आणि अर्धी राहिलेली किनार त्यानं जेवायच्या आधी पुरी केली.