लेकीच्या मागोमाग

बाई शिवणकाम करायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. एकदा गच्चीवरचे कपडे काढून उतरताना जिन्यात पाय घसरला आणि मानेचा मणका मोडला. तेव्हापासून मानेखालचं काहीच तिचं ऐकेना.

तोंड मात्र शाबूत होतं. खाटेवरूनच ती घर चालवायची. नळाची कामं करणारा नवरा म्हणायचा, "हात थांबले, पण हिच्या तोंडाचा पट्टा दुप्पट झाला." तीही हसायची. तिचा सल वेगळाच होता. घरात कुणी रुसलं, की उठून आतल्या खोलीत जायचं, आणि हिला मागे जाता यायचं नाही. लेक दहावीत नापास झाली तेव्हा आत तासभर रडत होती. भिंतीपलीकडचं ते रडणं ऐकत बाई छताकडे बघत पडून राहिली.

सहाव्या वर्षी एका संस्थेने तिला विजेवर चालणारी खुर्ची दिली. हनुवटीखाली छोटीशी दांडी. पुढे रेटली की खुर्ची पुढे, कलती केली की वळायची. शिकवायला आलेली मुलगी म्हणाली, "घाई नको. सुईत दोरा ओवता ना, तशा हलक्या हाताने."

"हात कुठून आणू गं?" बाई म्हणाली, आणि दोघी खो-खो हसत सुटल्या.

आठवडाभरात कपाटाला पोचे आले, एकदा नवऱ्याच्या अंगठ्यावरूनही चाक गेलं. पण महिन्याभरात हनुवटी सरावली.

त्याच सुमारास लेकीला दुसऱ्या गावच्या छापखान्यात नोकरी लागली.

"मी नाही जाणार. तुझं कोण करणार?"

"बाबा आहेत, सकाळी मदतीला कामवाली येते. माझं निमित्त करून घरात कुजू नकोस."

लेक तणतणत आत गेली. सवयीने हाक मारायला बाईने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग हनुवटी दांडीवर टेकवली.

लेक खिडकीशी पाठमोरी उभी होती. घरघर ऐकून वळली.

"तू आत कशी आलीस?"

"तुझ्या मागे."

लेक खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बाईला मांडीवर काही जाणवत नव्हतं. टेकलेलं डोकं नुसतं दिसत होतं. त्या केसांतून एकदा, एकदाच हात फिरवावा म्हणून जीव तुटला. हात शेजारी होता तसाच पडून राहिला.

"जा बाळा," ती म्हणाली. "मला तुझी आठवण येऊ दे."

लेक गेली त्या दिवशी बाई बसथांब्यापर्यंत स्वतः गेली. बस वळणाआड झाली तरी तिकडेच बघत राहिली. नवरा म्हणाला, "चल, ऊन वाढलंय."

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाली. "मी येते मागून."