निव्वळ संगीताचा कार्यक्रम

आमच्या बँडबद्दल लोक दोनच गोष्टी विचारतात. रायपूरमध्ये हेवी मेटल ऐकतं कोण, आणि ख्रिस्ती गाणी करणाऱ्या बँडमध्ये बुढापारा मोहल्ल्यातल्या रेल्वेवाल्याची मराठी पोट्टी काय करत होती? दोन्हींची उत्तरं मी इतक्या वेळा दिली आहेत, की आता सांगता सांगता मलाच कंटाळा येतो.

आम्ही तिघं होतो. गाणारा आणि गिटार वाजवणारा एकच, तो मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. आठवडाभर लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचा, मान वर करून फारसं बोलायचा नाही, आणि माइकसमोर उभा राहिला की पोटातून असा आवाज काढायचा की नवीन माणूस दोन पावलं मागे सरकायचा. ड्रमर त्याच्याच चर्चमधला, भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला. त्या ऑफिसच्या वरची खोली रविवारी मोकळी असायची. मी बेस गिटार वाजवायचे. कॉलेजातल्या एका कार्यक्रमाला त्यांचा बेसवाला आला नाही म्हणून एका दिवसापुरती उभी राहिले, आणि अकरा वर्षं तिथेच राहिले.

सकाळची उपासना आटोपून ते दोघं दुपारी खोलीवर यायचे. मी शंकर नगरातल्या ऑफिसात सहा दिवस घासून सातव्या दिवशी गळ्यात बेस अडकवायचे. खाली ट्रक मागे घेण्याची ओरड चालायची, वर पत्रा तापलेला. खिडक्यांना जुन्या गाद्या लावून आम्ही पहिला अल्बम तिथेच रेकॉर्ड केला. गाणी हिंदीत होती, सगळी त्यानं लिहिलेली. बहुतेकांत एक माणूस देवाला विचारतोय, की मी इतकं सोसतोय, तू गप्प का?

आईला ते पटत नव्हतं, पण ती अडवतही नव्हती. भाजी निवडता निवडता एकदाच म्हणाली, "त्यायच्या देवाचे गाणे तू काहून वाजवून राहिली?" मी म्हटलं, मी फक्त बेस वाजवते. तिला ते पुरलं. मलाही पुरलं.

आमची गत अशी, की आम्ही कुठल्याच घरचे नव्हतो. चर्चच्या वडीलधाऱ्यांना आमचं वाजवणं सैतानी वाटायचं. पाळकांनी एकदा प्रेमानं बसवून सांगितलं, की शब्द चांगले आहेत, पण ते ऐकूच येत नाहीत. कॉलेजांतल्या रॉक कार्यक्रमांत उलटं. आवाजावर पोरं माना हलवायची, आणि येशूचं नाव कानावर पडलं की एकमेकांना कोपरानं ढोसून हसायची. चौथ्या गाण्याआधी आमचा गायक दोन मिनिटं बोलायचा. आपली आई कशी गेली, त्या दिवसांत आपण कशाच्या आधारानं उभे राहिलो, एवढंच. चर्चमध्ये याला गवाही म्हणतात. त्या वेळी मी खाली वाकून तारा जुळवत असायचे.

दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या कार्यक्रमासाठी आम्ही एक छोटा हॉल घेतला. चार दिवस आधी हॉलच्या मॅनेजरचा फोन आला, येऊन भेटा. मी आणि गायक गेलो. मॅनेजर सज्जन होता, त्यानं चहा मागवला. मग हळूच म्हणाला, की कोणीतरी विचारून गेलंय, इथे धर्मप्रचार तर नाही ना. सध्या दिवस कसे आहेत ते तुम्ही जाणताच. एक कागद लिहून द्या, म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. त्यानं कागद गायकासमोर सरकवला. मग त्याचं नाव विचारलं आणि तोच कागद माझ्याकडे वळवला.

"दीदी, आप तो महाराष्ट्रियन हैं न? आप ही लिख दीजिए."

मी लिहिलं. हा निव्वळ संगीताचा कार्यक्रम आहे, यात कोणत्याही धर्माचा प्रचार नाही. खाली सही केली. काम झालं याचं मला बरंच वाटत होतं. शेजारी तो चहाच्या कपाकडे बघत बसला होता.

स्कूटरपाशी आल्यावर तो म्हणाला, "तूने झूठ लिखा."

मी म्हटलं, अरे, नाहीतर हॉल गेला असता. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मी भांडले तरी असते.

"मैं वहाँ गवाही देता हूँ. दस साल से तेरे लिए ये सिर्फ़ म्यूज़िक था?"

 मला दोन गोष्टी एकदम कळल्या. माझ्या नावानं जे दार उघडतं ते त्याच्या नावानं उघडत नाही. आणि मी लिहिलेलं वाक्य माझ्यापुरतं खोटं नव्हतं, फक्त त्याच्यापुरतं होतं.

कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं आली असतील. इतकं नेटकं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. चौथं गाणं आलं तेव्हा मी सवयीनं खाली वाकले, आणि त्यानं एक शब्दही न बोलता सरळ सुरुवात केली. मी दोन ठोके मागे पडले. ड्रमरनं सांभाळून घेतलं.

त्यानंतरही आम्ही वर्षभर रविवारी जमलो, पण नवीन गाणं झालं नाही. गायकाला मुलगी झाली. ड्रमरचा खांदा धरू लागला, डॉक्टरनं वाजवणं बंद करायला सांगितलं. मग एका रविवारी कोणीच कोणाला फोन केला नाही. भांडण नाही, निरोप नाही.

मागच्या उन्हाळ्यात वडिलांचं ऑपरेशन झालं. नंतरचे रिपोर्ट घ्यायला लॅबमध्ये गेले, तर खिडकीत आमचा गायकच होता. दाढी पिकलेली. आता चर्चमध्ये मुलांना साधी गिटार शिकवतो, म्हणाला. वडील कसे आहेत, विचारलं. मी सांगितलं. मग मीच म्हटलं, की ते आयसीयूत होते त्या आठवड्यात बाहेरच्या बाकावर बसून मी आपलीच गाणी ऐकत होते. शब्द पहिल्यांदाच नीट ऐकले.

"हव," तो मान हलवत म्हणाला.  मागे रांगेत माणसं होती. "मैं प्रार्थना करूँगा बाबूजी के लिए."

मी नको म्हटलं नाही. रिपोर्टचं पाकीट घेतलं आणि बाजूला झाले, मागच्या बाईला पुढे यायला जागा दिली.