कडेला पडलेली टिकली

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलीय. रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अकरा वर्षं जंतू वाढवतेय... डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं मानते. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय.

माझे काका देवरूखचे. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. गणपतीला मुंबईहून येणारे सगळे उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या त्यात टाकून जायचे. मग वाडीत कुणालाही ताप आला की काका दोन गोळ्या देणार, स्वतःही घेणार, बरं वाटलं की बंद. मी चिडायचे. ते हसायचे — "आल्या आमच्या डॉक्टरीणबाय!"

गेल्या वर्षी काका पडले, खुबा मोडला. आमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि जखमेत पू झाला. जंतू डब्यातल्या अर्धवट गोळ्यांना सरावून माजले की आमच्या वॉर्डातच तसे होते, देव जाणे.

तपासणी माझ्याच टेबलावर आली. जंतू बशीत पसरून मी वर औषधांच्या सहा कागदी टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर रात्रभरात टिकलीभोवती जंतू मरतात, स्वच्छ रिंगण दिसतं. काकांच्या नावाकडे बघत राहिले आणि एक टिकली पार कडेला पडली. टेकलेली टिकली हलवायची नसते, म्हणून तशीच ठेवली. लॅबमध्ये मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी ड्युटीआधी पेज घेऊन वॉर्डात गेले. काकांना ताप होता, पण बोलणं स्वच्छ.

"बाय, सहा टिकल्या ना गो? एक तुझ्या हातून कडेला पडली."

"कसल्या टिकल्या, काका?"

"एकीच्या पण भोवती रिंगण नाय." मग हळूच म्हणाले, "तो डबा तू घेऊन जा."

काकांनी जन्मात लॅब पाहिली नव्हती. मी धावत जाऊन बशी काढली... सहा टिकल्या, एक कडेला, रिंगण एकीच्याही भोवती नाही. तिथेच स्टुलावर बसून रडले.

डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली इंजेक्शनंही दिली. आठव्या दिवशी काका गेले.

बाराव्याला मी काकीकडे डबा मागितला. तिने तो पोटाशी धरला.

"नको नेऊ गो. त्यांच्या हातचा हाय. पाहुण्यांत दोघं तापलेत, आत्ताच दिल्या दोन-दोन."

औषधं का चालली नाहीत, हे मी कुणालाही समजावून सांगेन. काकांना ती बशी कशी दिसली, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी एकच काम सांगितलं होतं, तेही माझ्याच्याने झालं नाही. डबा अजून देवरूखलाच आहे.